काकू, तुम्ही माझं मनगट धरलंत

काकू,

समोर बसून हे बोलायला लागलो तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणाल आणि चहा ठेवायला उठाल. म्हणून लिहून काढतोय, आणि चार लोकांना वाचता येईल अशा जागी ठेवतोय.

बाबांचे उरलेसुरले दात एकाच महिन्यात काढावे लागले, हे तुम्हाला माहीतच आहे. हिरड्या भरून कवळी बसेपर्यंत सगळं मऊच खायचं होतं. आम्ही भावंडं लहानपणी ब्रेडच्या कडा ताटात तशाच टाकून उठायचो आणि बाबा त्या गोळा करून खायचे. त्यांनी स्वतःसाठी कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्या दिवसांत मात्र एका संध्याकाळी, तोंडावर रुमाल धरून, ते म्हणाले, "ब्रेड पुडिंग जमेल का रे तुला?"

मला जमलं नाही. तीनदा जमलं नाही. पहिल्यांदा ताजा, लुसलुशीत ब्रेड घेतला, त्याचा लगदा झाला. दुसऱ्यांदा उकळतं दूध एकदम अंड्यांवर ओतलं आणि गाठी झाल्या. तिसऱ्यांदा वरून अगदी चित्रासारखं दिसत होतं, पण चमचा घातला तर वर रबर आणि तळाला पाणी. बाबांनी तिन्ही वेळा "छान झालंय" म्हणत वाटी संपवली, पाण्यासकट. ते मला सहन होत नव्हतं.

मी विचारलं नाही असं नाही. ज्या बेकिंगच्या वर्गाला मी पैसे भरून गेलो होतो, तिथे फोटो पाठवला आणि काय चुकलं ते विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: कृती नीट पाळा. कुठली पायरी, का, काही नाही. नातेवाइकांपैकी एकाने फोनवर हसून सांगितलं की ब्रेड पुडिंग तर कुणालाही येतं. त्या वाक्याने मी आणखी आठवडाभर ओव्हनला हात लावला नाही. येणाऱ्याने न येणाऱ्याला असं म्हणण्यात काय मिळतं, मला अजून समजलेलं नाही. कडा कापून टाका, असं तर झाडून सगळ्यांनी सांगितलं होतं.

तुम्ही जिन्यात भेटलात तेव्हा मी ते तिसरं पुडिंग टाकायला निघालो होतो. तुम्ही डबा हातातून घेतला, एका बाजूला कलता केला आणि कोपऱ्यात साचलेलं पाणी बघितलं. "हे कच्चं राहिलेलं नाही. जास्त शिजलंय," म्हणालात. मी उलटंच समजत होतो. पाणी दिसतंय म्हणजे शिजलं नाही, म्हणून दर वेळी आणखी दहा मिनिटं, आणखी दहा मिनिटं करत होतो. दूध-अंड्याचं मिश्रण साधारण ८० अंशांच्या आसपास जमतं आणि त्याच्या थोडं जरी पुढे गेलं तरी अंड्यातली प्रथिनं आकसून धरलेलं पाणी सोडून देतात, हे मला त्या जिन्यात उभ्या उभ्या कळलं. इतक्या सोप्या शब्दांत ते आधी कुणीच का सांगितलं नाही?

दुसऱ्या दिवशी तुम्ही खाली आलात. कृती मी इथे लिहित नाही, ती कुठेही मिळते. पण तुम्ही सांगितलेल्या काही गोष्टी मला कुठेच मिळाल्या नव्हत्या. ब्रेड दोन दिवसांचा हवा, कारण शिळा ब्रेड दूध पिऊनही आपला आकार धरून ठेवतो. ताजाच असेल तर मंद ओव्हनमध्ये थोडा सुकवून घ्यायचा. आणि फ्रीजमध्ये ठेवलेला ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो, हे तर मी आजवर बरोबर उलटं धरून चाललो होतो. पाव किलो ब्रेडला अर्धा लिटर दूध आणि तीन अंडी घेतली. तो अर्धा तास भिजत असताना तुम्ही मला भांड्याजवळून हलू दिलं नाहीत, अधूनमधून बोटाने दाबून बघायला लावलंत. कडा कापायला सुरी घेतली तेव्हा म्हणालात, "अरे, कडा तुझ्या बाबांच्या आहेत. राहू दे." मी तुम्हाला ती ताटातल्या कडांची गोष्ट सांगितली होती हेही मी विसरलो होतो.

आणि मग ते झालं, ज्यासाठी हे पत्र आहे.

पुडिंग पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून ओव्हनमध्ये गेलं होतं, पाऊण तास होत आला होता. मी दार उघडून भांडं हलवलं. कडेने जमलं होतं, मधोमध मात्र अजून थलथलत होतं. माझा हात आपोआप वेळ वाढवायला बटणाकडे गेला आणि तुम्ही माझं मनगट धरलंत. जोर नव्हता, नुसतं धरून ठेवलंत. काही बोललाही नाहीत. मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही भांड्याकडे बघत होता. मग हळूच म्हणालात, "एवढं हलायलाच हवं. बाहेर आल्यावर आतल्या उष्णतेनं बसेल ते."

काकू, तुम्ही ओव्हन स्वतः बंद करू शकला असतात. तुमचा हात बटणाच्या जास्त जवळ होता. पण तुम्ही मला थांबवलंत आणि बंद मला करू दिलंत. ते पुडिंग माझं राहिलं. भांडं ओट्यावर वीस मिनिटं ठेवलं, तेवढा वेळ मी त्यासमोर उभा होतो आणि तुम्ही कपबश्या विसळत होता, जणू काही झालंच नाही.

बाबांनी पहिला घास घेतला आणि जिभेने तो टाळ्याला दाबला. डोळे मिटले. मग कडेचा तुकडा शोधला, तो मऊ झाला होता तरी तुटला नव्हता. त्यांनी "छान झालंय" म्हटलं नाही. वाटी पुढे केली.

तुम्हाला येतं ते तुम्ही मला दिलंत आणि देताना मला लहान केलं नाहीत. असं वागणारी माणसं मला फार थोडी भेटली आहेत. ज्यांना येतं त्यांतले बरेच जण ते मुठीत धरून बसतात, किंवा देताना समोरच्याची मान खाली जाईल असं बघतात. तुमच्यासारखी माणसं आजूबाजूला असली की चुकलेलं भांडं कुणासमोर उघडायला भीती वाटत नाही.

बाबांना आता कवळी बसलीय. परवा म्हणाले की वरचा थर जरा कुरकुरीत असता तर मजा आली असती. मी शेवटी साखर भुरभुरून वरची आच मोठी करून पाहिली, पण तेवढ्यात खालचं घट्ट व्हायला लागलं. हे कसं जमवायचं? ब्रेड कालच आणून ठेवलाय, फ्रीजबाहेर. रविवारी संध्याकाळी याल का खाली?