संथ गेमना वेळ देऊ, पण मुदतही पुरेशी मिळावी

महोदय,

ज्या व्हिडिओ गेमची सुरुवात संथ असते तो विकत घेणे म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही वाया घालवणे, असे माझ्या ओळखीतील बरीच तरुण मुले ठामपणे सांगतात. मला ते पटत नाही. मात्र त्यांच्या म्हणण्यातील जो भाग खरा आहे, तो खेड्यातल्या ग्राहकाला शहरातल्यापेक्षा अधिक बोचतो, म्हणून हे पत्र.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा गेम २०१८ मध्ये टीव्हीला जोडून खेळायच्या कन्सोलवर आणि २०१९ मध्ये संगणकावर आला. १८९९ सालच्या अमेरिकेतील एका पळ काढलेल्या टोळीची ही कथा बर्फाने झाकलेल्या डोंगरात सुरू होते आणि पहिले दोनेक तास खेळणारा त्या बर्फातून घोडा हाकत, उपाशी माणसांसाठी शिकार शोधत आणि इतरांची बोलणी ऐकत राहतो. गेल्या हिवाळ्यात धानाची मळणी आटोपल्यावर मी तो खेळायला घेतला, तेव्हा पहिल्या रात्री मलाही कंटाळा आला होता. पण त्या दोन तासांत कोण कोणाचा शब्द मानतो, म्होरक्याच्या निर्णयाविषयी कोणाच्या मनात शंका आहे, भुकेल्या पोटीही दुसऱ्याचे कोण बघतो, हे कळत गेले. आणि पुढे टोळीत फूट पडू लागली तेव्हा ती माणसे माझ्या चांगल्या परिचयाची झालेली होती. ही ओळख घाईघाईने उरकली असती, तर ती फूट मला इतकी लागली नसती.

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत हे कोणाला समजावून सांगावे लागू नये. दिवाळीनंतर गावोगावी होणारी आमची नाटके रात्री उशिरा सुरू होतात आणि पहाटेपर्यंत चालतात. तिकीट काढून, चादरी पांघरून बसलेले प्रेक्षक पहिल्या अंकात त्या घरातली माणसे आणि त्यांची नाती शांतपणे पाहतात, कारण शेवटच्या अंकातले रडू तेथेच पेरलेले असते हे त्यांना ठाऊक असते. पण त्या पहिल्या अंकातही गाणे असते, विनोद असतो, नटाची मेहनत दिसते. ‘नंतर रंगेल, तोवर बसा’ एवढ्या भरवशावर थंडीत कोणी बसत नाही. गेमलाही मी हीच कसोटी लावतो. २००९ मध्ये जपानमध्ये आलेला ‘फायनल फँटसी १३’ पहिली दहा प्रकरणे खेळणाऱ्याला जवळजवळ सरळ वाटेनेच चालवतो आणि मोकळे मैदान अकराव्या प्रकरणात दाखवतो. तेथे पोहोचेपर्यंत वीसेक तास सहज जातात, आणि पुढचे मैदान कितीही सुंदर असले तरी एवढी वाट पाहायला मी कोणाला सांगणार नाही.

आता पैशाचे. ‘रेड डेड’सारखा गेम पूर्ण किमतीला घेतला तर तीन हजार रुपयांच्या वर जातो, सवलतीत तो बराच स्वस्त मिळतो, हे खरे. पण त्याला हार्ड डिस्कवर १५० जीबी जागा लागते. डाउनलोड त्याहून थोडे कमी धरले, तरी रोज २ जीबी देणाऱ्या मोबाईल पॅकवर तो उतरवायला दोन महिने लागतील. मी लॅपटॉप नागपूरला भाच्याच्या घरी नेऊन हे काम केले. प्रत्येकाला तशी सोय नसते. त्यात वीज गेली की, जेथे मध्येच सेव्ह करता येत नाही असा लांबलचक प्रवेश पुन्हा पहिल्यापासून पाहावा लागतो.

‘स्टीम’ या विक्री संकेतस्थळाचा परताव्याचा नियम असा आहे की, खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तर पैसे परत मिळतात. बहुतेक गेमसाठी हा नियम ग्राहकाच्या बाजूचाच आहे. पण ज्या गेमचा पहिला अंकच दोन तासांचा, तो आवडेल की नाही हे दोन तासांत कसे ठरवावे? आणि मोबाईल पॅकवर डाउनलोड करणाऱ्याची १४ दिवसांची मुदत तर गेम एकदाही उघडण्याआधीच संपलेली असते. ती खरेदीपासून न मोजता गेम प्रथम उघडल्यापासून मोजावी, असे मला मनापासून वाटते.

याहून चांगला उपायही आहे. ‘ड्रॅगन क्वेस्ट ११ एस’च्या मोफत डेमोमध्ये सुरुवातीपासून दहा तासांपर्यंत खेळता येते आणि नंतर गेम विकत घेतला तर तेथूनच पुढे जाता येते. आपल्या संथ सुरुवातीवर ज्यांचा विश्वास आहे, त्या सर्वच निर्मात्यांनी असे करायला काय हरकत आहे?

आपणास एकच विनंती. आपल्या पुरवणीत नव्या गेमची ओळख करून देताना डाउनलोड किती जीबीचे आहे आणि मोफत डेमो उपलब्ध आहे की नाही, या दोन गोष्टी अवश्य छापाव्यात.

आपला नम्र,
एक वाचक,
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर