‘हा व्यवहार तुम्ही केलात का?’

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ऑनलाइन फसवणुकीबद्दल आपल्या पुरवणीत अधूनमधून सावधगिरीच्या सूचना येतात. ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, कार्डाचा नंबर कोणाला देऊ नका. मी त्या वाचतो, कात्रणे काढून फाइलला लावतो. माझी अडचण एवढीच की कार्डाचा नंबर मी आपण होऊन दिला होता. कोणी फोन केला नाही, कोणी घाई केली नाही. चष्मा लावून, सोळाचे सोळा आकडे दोनदा ताडून मीच भरले. असे करून बसलेल्या माणसाने पुढे काय करायचे ते कात्रणांत कुठे मिळाले नाही, म्हणून हे पत्र.

माझी नोकरी लेखापरीक्षणात गेली. दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शाईने खुणा करण्यातच हयात घालवली, त्यामुळे घरात माझा या बाबतीत थोडा दरारा होता. तो आता नाही.

झाले असे. पक्ष्यांचे फोटो काढायला कॅमेरा घ्यायचा बरीच वर्षे मनात होते. किमती पाहत असताना एक जाहिरात दिसली: हाच कॅमेरा १९ डॉलर ४३ सेंटला ‘विकला गेला’. ही पेनी ऑक्शनची साइट होती. नेहमीच्या लिलावात बोली लावायला पैसे पडत नाहीत, जिंकलात तरच द्यायचे. इथे प्रत्येक बोली आधी विकत घ्यावी लागते. मी गेलो त्या साइटवर एक बोली ६० सेंटला होती. तुम्ही बोली लावली की वस्तूची किंमत फक्त एका सेंटने वाढते आणि घड्याळ काही सेकंद पुढे सरकते. घड्याळ शून्यावर येताना शेवटची बोली ज्याची, त्याची वस्तू. बाकीच्यांचे बोलीचे पैसे गेले.

हिशेब मी केला, पण नंतर केला. १९ डॉलर ४३ सेंट म्हणजे १,९४३ बोली. प्रत्येकी ६० सेंट धरले तर १,१६५ डॉलर ८० सेंट. त्यात जिंकणाऱ्याने भरलेली किंमत मिळवा: १,१८५ डॉलर २३ सेंट. त्या ‘स्वस्त’ कॅमेऱ्याचे एवढे पैसे साइटने गोळा केले असणार. फुकट वाटलेल्या बोली त्यातून वजा करायला हव्यात हे मान्य, पण त्या किती ते साइट सांगत नाही. हे गणित चौथीतल्या मुलाला येते. मला ते त्या संध्याकाळी सुचले नाही, आणि का सुचले नाही याचे उत्तर माझ्याकडे नाही.

नाव, ईमेल, पत्ता भरला. पुढच्या पानावर कार्ड मागितले. वर मोठ्या अक्षरांत ‘नोंदणी पूर्ण करा’ असे होते. हिरवे बटण होते, ते दाबले. लगेच लिलावाचे पान उघडले आणि माझ्या नावावर १६५ बोली दिसू लागल्या. मला वाटले, नव्या सभासदाला भेट असेल. त्यातल्या अकरा मी लावल्या. हा अकराचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच नडला.

स्टेटमेंट आले ते हिने उघडले. “अहो, हे ९९ डॉलर कसले? आणि हे १२.९५?” १६५ गुणिले ६० सेंट म्हणजे बरोबर ९९. ती भेट नव्हती, विक्री होती. दुसरी रक्कम मासिक सभासदत्वाची, चौदा दिवसांची ‘चाचणी’ संपल्यावर आपोआप लागलेली. तीही वेगळ्याच नावाने. साइटचे नाव स्टेटमेंटवर नव्हतेच, कसल्या तरी ‘मीडिया’ नावाच्या कंपनीचे होते. ही नसती तर मी ती ओळ एखाद्या मासिकाची वर्गणी समजून पुढे गेलो असतो.

मी तडक बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. बटणे दाबून दाबून एकदाची एक मुलगी बोलली, अगदी नम्र. तिने विचारले, “सर, हा व्यवहार तुम्ही केलात का?”

मी म्हणालो, “नाही.”

संपादक महोदय, या पत्रातली मुख्य गोष्ट हीच. ते ‘नाही’ खरे नव्हते. खोटेही नव्हते. ९९ डॉलरला मी होकार दिलाच नव्हता. पण कार्ड मी दिले होते, बटण मी दाबले होते. माझ्या उत्तराला किमान दोन वाक्ये लागत होती आणि तिच्या पडद्यावर बहुधा ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोनच चौकटी होत्या. पुढचे यंत्रासारखे झाले: कार्ड ब्लॉक, फसवणुकीची तक्रार दाखल, एका फॉर्मवर माझी सही. त्यात छापलेले होते की सदर व्यवहार मी केलेले नाहीत व दुसऱ्या कोणास करू दिलेले नाहीत. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना ‘न वाचता सही करू नका’ म्हणून झापले, त्याने ते वाचून सही केली.

पैसे तात्पुरते जमा झाले. पाच आठवड्यांनी बँकेने ते परत वळते करून घेतले. सोबत विक्रेत्याने पाठवलेला पुरावा होता. माझे नाव, माझा पत्ता, माझा ईमेल, घरातल्या इंटरनेटचा आयपी पत्ता, कार्डामागचे तीन आकडे बरोबर जुळल्याची नोंद, आणि शेवटी तक्ता: कोणत्या वेळी कोणत्या वस्तूवर बोली लावली. अकरा ओळी. मी लेखापरीक्षक म्हणून ते कागद तपासले असते तर मीही माझ्याविरुद्धच शेरा मारला असता. कार्डाच्या धंद्यात माझ्यासारख्यांना एक नाव आहे, ‘फ्रेंडली फ्रॉड’: स्वतःच खरेदी करून मग ‘मी नव्हेच’ म्हणणारा ग्राहक. म्हणजे गंडवला गेलो मी आणि कागदावर लबाड ठरलो तोही मीच.

त्यानंतर मी जे आधी करायला हवे होते ते केले: नियम वाचले. व्हिसा या कार्ड कंपनीने २०१८ पासून ग्राहकांच्या तक्रारींचे चार गट केले आहेत. फसवणूक हा पहिला. दुसरा बँकेने व्यवहाराला मंजुरी दिली होती की नाही याचा, तिसरा रक्कम किंवा नोंद चुकल्याचा. चौथा गट आहे ग्राहकाच्या विक्रेत्याशी असलेल्या वादाचा. सभासदत्व रद्द करूनही पैसे कापणे, किंवा अटी लपवून, दिशाभूल करून विकणे, हे या चौथ्या गटात येते. मास्टरकार्डकडेही ‘कार्डधारकाने मंजुरी दिली नव्हती’ आणि ‘कार्डधारकाचा विक्रेत्याशी वाद आहे’ अशी दोन वेगळी खाती आहेत. फरक शब्दांचा वाटतो, पण पुरावा पार उलटा होतो. फसवणुकीच्या गटात विक्रेत्याला इतकेच दाखवायचे असते की कार्ड तुम्हीच वापरले. अकरा ओळी पुरतात. चौथ्या गटात ‘कार्ड मीच वापरले’ हे तुम्ही पहिल्याच ओळीत कबूल करता, आणि मग प्रश्न येतो तो त्याच्याकडे: रक्कम कुठे लिहिली होती, चाचणी संपण्याआधी कळवले होते का, रद्द करायची सोय कुठे होती? फुकट चाचणीतून सभासदत्व सुरू होणार असेल तर चाचणी संपण्याच्या निदान सात दिवस आधी आठवण पाठवावी आणि ऑनलाइन रद्द करायची सोपी सोय द्यावी, असे व्हिसाने विक्रेत्यांवर २०२० पासून घातलेले बंधन आहे. मला आठवण आली नव्हती. पण पहिल्या तक्रारीत हे कोणी विचारलेच नाही, कारण मी तर म्हणत होतो की तो मी नव्हेच.

एक भाबडी समजूत मला होती, बऱ्याच जणांना असते: कार्ड बदलले की पिच्छा सुटतो. नवे कार्ड आले आणि पुढच्या महिन्यात त्याच ‘मीडिया’ कंपनीचे १२.९५ नव्या कार्डावर हजर! कार्ड कंपन्यांची ‘अकाउंट अपडेटर’ नावाची सेवा असते. कार्डाचा नंबर बदलला की नियमित वसुली करणाऱ्या विक्रेत्यांना नवा नंबर आपोआप पोचवता येतो, म्हणजे विजेच्या बिलासारखी देणी अडू नयेत. सोय चांगली आहे. मात्र ती चोर आणि साव ओळखत नाही.

या वेळी मी फोन केला नाही. आधी साइटला लेखी कळवले की सभासदत्व रद्द करा. (रद्द करायला दिलेला फोन नंबर नुसता वाजत राहायचा, म्हणून ईमेल. तारीख-वेळेसह त्याची प्रत ठेवली.) मग नोंदणीच्या पानाचा शोध घेतला. साइटने ते तोवर बदलले होते, पण इंटरनेट अर्काइव्ह जुन्या पानांच्या प्रती ठेवते, तिथल्या वेबॅक मशीनमध्ये ते सापडले. हिरव्या बटणाच्या बरेच खाली, करड्या रंगात, पायाशी टीप असावी तशी ९९ डॉलर आणि मासिक शुल्काची ओळ. ते पान छापून घेतले, बटणाखाली लाल शाईने रेघ मारली. फार दिवसांनी बरे वाटले.

तेवढ्यात आणखी एक महिना गेला, आणखी १२.९५ लागले. मग बँकेला लेखी दिले. पहिलेच वाक्य असे: ‘कार्ड मी स्वतः दिले होते, ही फसवणुकीची तक्रार नाही.’ रद्द केल्यानंतर कापलेली रक्कम तीन आठवड्यांत परत आली, कारण तिथे तारखाच बोलत होत्या. त्याआधीच्या रकमेसाठी आणखी दोन पत्रे लागली, पण तीही आली. पहिले ९९ आणि पहिले १२.९५ मात्र गेले. त्या व्यवहारांची तक्रार एकदा निकालात निघाली आहे, आता कारण बदलता येणार नाही, असे बँकेने कळवले. बँकेची चूक म्हणता येत नाही. सही माझी होती.

कालमर्यादेचेही लिहायला हवे. कार्ड कंपन्यांच्या नियमांत अशा तक्रारीला सर्वसाधारणपणे १२० दिवस असतात. देशोदेशीचे कायदे वेगळे. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यानुसार बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी कळवावे लागते. बँकेने ३० दिवसांत पोच द्यायची, दोन बिलचक्रांत, आणि कसेही करून ९० दिवसांच्या आत, निकाल लावायचा. ‘लेखी’ या शब्दावर माझा भर आहे. फोनवर बोललेले कोणत्या चौकटीत पडले हे आपल्याला दिसत नाही.

हा माझ्या एकट्याच्या गाढवपणाचा किस्सा असता तर आपली जागा अडवली नसती. मे २०११ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका जाळ्याविरुद्ध खटला भरला. ‘फुकट चाचणी’ची उत्पादने आणि पेनी ऑक्शन, दोन्ही त्यात होते. न कळवता कार्डावर पैसे लावल्याचा आरोप होता, आणि शिवाय असाही, की ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या तरी कार्डाची सोय चालू राहावी म्हणून बँकांना खोटी माहिती दिली गेली. २०१२ मध्ये तडजोड झाली, तीत सुमारे ३५ कोटी ९० लाख डॉलरचा आदेश होता. म्हणजे अशा साइटला धाक असतो तो बँकेकडे साठत जाणाऱ्या तक्रारींचा. त्या तक्रारींवर ‘फसवणूक’ असे चुकीचे लेबल लागले, की साइट दर वेळी आयपी पत्ता दाखवून साळसूदपणे सुटते आणि लपवलेल्या करड्या ओळीची नोंद कुठेच होत नाही.

(थोडे विषयांतर. पेनी ऑक्शन हे नाव मूळचे या धंद्याचे नाही. १९३० च्या दशकातील महामंदीत अमेरिकेतल्या नेब्रास्का, आयोवाकडच्या शेतकऱ्यांची जनावरे-अवजारे कर्जापायी लिलावात निघत, तेव्हा शेजारी जमून मुद्दाम काही सेंटच्याच बोली लावत आणि घेतलेली वस्तू मूळ मालकाला परत करत. बाहेरचा कोणी जास्त बोलू लागला तर त्याने गप्प बसावे म्हणून गोठ्याला गळफासाचा दोर टांगलेला असे. त्या नावाचे पुढे काय झाले पाहा.)

तेव्हा दोन विनंत्या. एक आपल्याला: सावधगिरीच्या सूचनांत ‘कार्ड देऊ नका’च्या खाली ‘दिले असेल तर तसे सांगा’ अशीही एक ओळ असू द्या. लाजेपायी माणूस ‘मी नव्हेच’ म्हणतो आणि तिथेच हरतो. दुसरी बँकांना: त्या मुलीच्या पडद्यावर ‘हो’ आणि ‘नाही’च्या शेजारी तिसरी चौकट द्या. ‘कार्ड तुम्ही दिलेत का? दिले असेल तर किती रकमेला हो म्हणालात?’ एवढे विचारायला अर्धे मिनिट जास्त लागेल. मला तो प्रश्न विचारला असता तर मी खरे उत्तर दिले असते, असे मला वाटते. हिला तितकेसे वाटत नाही.

स्टेटमेंट आता हीच उघडते. माझ्याकडे छापील प्रत येते, तपासून झाल्यावर.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक

(नाव छापू नये ही विनंती. जुने सहकारी आपलेच वृत्तपत्र वाचतात.)