डबल बेल

सातारा, रविवार

प्रिय बाळू,

स. न. वि. वि. लिहायला घेतलं आणि माझं मलाच हसू आलं. तुला कसली विनंती!

परवा फोनवर उपाशीपोटीची साखर १६८ आल्याचं सांगितलंस आणि वर म्हणालास, "डॉक्टर म्हणतात रोज चाला. चालून काय होतंय रे? तीस वर्षं गाडी चालवली ती काय कमी?" मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. हे तुला मधेच तोडता येणार नाही.

अरे, चालली ती गाडी. तू बसून होतास! आपल्याच धंद्यातलं सांगतो. १९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या डबलडेकरच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास छापला. गाडी एक, खातं एक, पण हृदयाचा झटका ड्रायव्हरांना जास्त. कंडक्टर रोज पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढायचा आणि ड्रायव्हर स्टिअरिंगला चिकटलेला. तू म्हणशील, ड्रायव्हर आधीपासूनच जाडे असतील. ही शंका मॉरिसनाही आली. त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापं तपासली, आणि खरंच, ड्रायव्हरांची कंबर भरतीच्या वेळीच मोठी निघाली! म्हणजे दोष सगळा खुर्चीचा नाही. पण त्यानंतर जगभर झालेल्या अभ्यासांतही हालचाल करणाऱ्याचं हृदय जास्त टिकतं हेच दिसत आलंय. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले. आपल्या लाल डब्यात जिना नव्हता, पण खच्चून भरलेल्या गाडीत तिकिटं फाडत पुढून मागं जायचं म्हणजे काय, ते मला विचार.

मी मात्र रिटायर झाल्यावर गाढवपणा केला. पोट सुटलं म्हणून पहिल्याच दिवशी अजिंक्यतारा एका दमात चढलो. गुडघा असा सुजला की आठ दिवस चहासुद्धा अंथरुणात. तुझी वहिनी अजून टोमणे मारते. आता पायथ्याच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत जातो, घडीभर टेकतो आणि परत येतो. वजन दोनच किलो उतरलंय, पण झोप लागते आणि बीपी सरळ आलंय.

साखरेचं गणित लेकीनं समजावलं. ती नर्स आहे, तेव्हा गप ऐक. रक्तातली साखर स्नायूत शिरायला इन्शुलिन दार उघडतं. तुझं ते दार गंजलंय. पण स्नायू हलायला लागला की इन्शुलिनची वाट न बघता दुसरं दार उघडतं, गाडीच्या संकटकालीन दारासारखं. त्याचा गुण एक-दोन दिवस राहतो, मग ओसरतो. म्हणून सलग दोन दिवस खाडा करायचा नाही. एका रविवारी दहा किलोमीटर आणि मग आठवडाभर टीव्ही, हे चालणार नाही.

हिशोब आठवड्याला १५० मिनिटांचा, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. चाल एवढी की बोलता यावं, पण गाता येऊ नये. (तू गाऊ नयेसच.) पोराच्या घड्याळातल्या दहा हजार पावलांचं दडपण घेऊ नकोस. तो आकडा १९६५च्या सुमारास जपानात पावलं मोजायचं यंत्र खपवायला निघाला. आपल्या म्हाताऱ्यांची शतपावली काय वाईट होती? रात्री जेवलास की लगेच आडवा होऊ नकोस, दहा-पंधरा मिनिटं आळीत फिर. जेवणानंतरची साखर त्यानं कमी चढते.

मात्र गोळी चालू आहे, तेव्हा खिशात खडीसाखर ठेव. घाम फुटून हात कापायला लागले तर आधी ती तोंडात टाक. छातीत दाटल्यासारखं झालं तर जागीच थांब आणि थेट डॉक्टरकडे जा, "गॅस असेल" म्हणत बसू नकोस.

येत्या रविवारी पहिल्या गाडीनं कराडला येतोय. प्रीतिसंगमावर जाऊ, घाटावरून बागेला एक चक्कर मारू. बूट घाल. त्या झिजलेल्या स्लिपरा घालून आलास तर परत पाठवीन. चालताना मी मागं राहणार, सवयच आहे. डबल बेल दिली की निघायचं.

वहिनींना नमस्कार. त्यांनाही बरोबर आण.

तुझाच,
दत्ता