बर्फ राहिला बाजूला, फरशीच ओली

संपादक महोदय,

पाण्याच्या लाइनला जोडायचं आइस मेकर घरी बसवणार असाल तर मशीनपेक्षा मागची पाव इंची नळी आधी बघा, कारण गळतं ते तिथेच. आमच्याकडे फिटरने पाइपला भोक पाडणारा क्लॅम्पवाला व्हॉल्व्ह लावला, पंधरा मिनिटांत काम झालं म्हणून मी पण खूश, आणि चार महिन्यांनी बघतो तर फ्रीजमागची फरशी ओली आणि कपाटाचा प्लाय फुगलेला. त्या व्हॉल्व्हच्या सुईचं भोक एवढंसं, त्यात क्षार साचले की पाणी कमी येतं आणि बर्फ बारीक, पोकळ पडायला लागतो. त्यापेक्षा पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून वेगळा बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बंद-चालू करायचा कॉक, बसवा, हात पोचेल अशा जागी हं. नळी थोडी जास्त ठेवून मागे वेटोळं करा, नाहीतर फ्रीज पुढे ओढला की जॉइंटवर ताण येतो. जोडण्याआधी थोडं पाणी बादलीत सोडा, पहिल्या दोन-तीन खेपांचा बर्फ सरळ फेका, प्लास्टिकचा वास मारतो. फिल्टर साधारण ६ महिन्यांनी बदला. काही मशीनना ड्रेनची लाइन पण लागते, ते आम्हाला दुकानदाराने बिल झाल्यावर सांगितलं!

– एक वाचक