जर्मन शिकायला इंग्रजी पुरतं, पण विभक्ती आपलीच कामाला येते

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत जर्मनीतल्या नोकऱ्यांवर अर्धं पान होतं, ते मी दोनदा वाचलं. २०२४ मध्ये आपल्या सरकारनं तिकडच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यासोबत कुशल कामगारांचा करार केला तेव्हापासून आमच्या वाळूजला चहाच्या टपरीवरसुद्धा जर्मनीशिवाय दुसरा विषय नाही. तुमच्या लेखात पगार होता, व्हिसा होता, कागदपत्रं होती, भाषेचं मात्र एका ओळीत उरकलं होतं, की चांगल्या क्लासला जाऊन जर्मन शिकून घ्यावी. आणि त्याच पानाच्या खाली तीन महिन्यांत जर्मनची जाहिरात! हे पत्र त्या एका ओळीवर आहे. लांबलं तर कापा, पण मधलं कापू नका.

मी मूळचा परभणीकडचा, आयटीआय फिटर, बजाजनगरला राहतो आणि एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. बी-वन लेव्हलपर्यंत (ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत्या लेव्हल असतात) जर्मन घरीच शिकलो, क्लासची पायरी चढलो नाही. सुरुवात कशी झाली ते सांगतो. आमच्याकडं एक सेकंडहँड जर्मन मशीन आलं होतं, त्याच्या लाल बटणावर इंग्रजीच्याच अक्षरात लिहिलेलं, नॉट आउस. एका नाईटला नवीन पोरगा मशीनवर, टूल जॉबमध्ये, म्हणजे घडवायच्या तुकड्यात, घुसला, हा बटणाकडं हात नेतो आणि परत मागं घेतो. टूल तुटला, जॉब गेला, सुपरवायझर वरडायला लागला तर पोरगं म्हणतंय, "साहेब त्याच्यावर नॉट लिवलंय, मला वाटलं दाबू नाही म्हणायलंय." आता काय बोलावं? जर्मनमध्ये तो शब्द नोट असा म्हणतात आणि त्याचा अर्थ संकट, आउस म्हणजे बंद. संकटात बंद करायचं बटण ते. पण खरं सांगतो, मलाही त्या रात्री ते माहीत नव्हतं, मी घरी येऊन मोबाईलवर बघितलं आणि तिथून हे खूळ डोक्यात शिरलं.

ज्याला कामचलाऊ इंग्रजी येतं त्याला जर्मन शब्द लवकर लागतात, कारण दोन्ही भाषा एकाच घरातल्या. नुसती एक किल्ली हातात पाहिजे. इंग्रजीत जिथं प आहे तिथं जर्मनमध्ये बऱ्याचदा फ किंवा प्फ, पेपरचं प्फेफर, शिपचं शिफ. ट असेल तर स नाहीतर त्स, वॉटरचं वासर, टेनचं त्सेन. क चा ख, मेकचं माखेन. ड चा ट, ड्रिंकचं ट्रिंकेन. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी तिकडं दक्षिणेत हे उच्चार सरकले, इंग्रजीचे तसेच राहिले. हे कळल्यावर मी महिनाभर प्रत्येक शब्द असा उलटापालटा करून बघायचो, बायको म्हणायची भूत लागलं का काय.

पण हीच इंग्रजी दगाही देते, नॉटचं बघितलंच तुम्ही. गिफ्ट म्हणजे तिकडं विष. वेर म्हणजे कोण आणि वो म्हणजे कुठं, इंग्रजीच्या कानाला बरोबर उलटं. बेकोमेन म्हणजे होणं नाही, मिळणं. असे पन्नासेक शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लाल पेनानं लिहून ठेवायचे.

आता मुद्द्याचं. युट्यूबवर, पुस्तकात सगळीकडं जर्मन शिकवतात ती इंग्रजवाल्याला डोळ्यापुढं ठेवून, आणि तो जिथं रडतो तिथं आपल्यालाही रडायला लावतात. अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतःच्या लोकांना जर्मन शिकवायला साधारण ३६ आठवडे धरतं, तेही पूर्णवेळ. का, तर लिंग तीन, विभक्त्या चार, जोडवाक्यात क्रियापद शेवटी. अहो मग आपल्याकडं वेगळं काय आहे? तो दगड, ती खुर्ची, ते झाड, हे आपलं लेकरू बोलायला लागल्यापासून करतं. मुलीला जर्मनमध्ये डास मेटशेन म्हणजे नपुंसकलिंग, यावर इंग्रज लोक जाम वैतागतात, पण आपण पोरीला "ते लेकरू झोपलं का" म्हणतोच की. शेवटी शेन आलं की शब्द नपुंसक, संपला विषय.

पंचेचाळीसला ते फ्युन्फ-उंट-फियरत्सिश म्हणतात, पाच-आणि-चाळीस. एका गोऱ्या मास्तरनं व्हिडिओत यावर इतका वेळ घालवला, आणि मी म्हणतोय अरे हे तर आपलं पंचेचाळीसच झालं. मला थंडी वाजतेय ला मिर इस्ट काल्ट, त्यातला मिर म्हणजे मला. आवडलं ला डास गेफेल्ट मिर, परत मला. इंग्रजीत "आय लाईक" म्हणावं लागतं, जर्मन माणूस आपल्यासारखंच मला आवडतं म्हणतो. आजारी आहे म्हणून आलो नाही हे सांगायचं तर वाइल इश क्रांक बिन, शब्दाला शब्द लावा: कारण मी आजारी आहे. अगदी झेड सुद्धा. त्याचा उच्चार त्स, म्हणजे जवळजवळ आपल्या चमच्यातला च, चहातला नाही. तू आणि तुम्ही आहेच, डू आणि झी, अनोळखी मोठ्या माणसाला डू म्हणायचं नाही एवढं आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

शाळेत सरांनी छडी घेऊन पाठ करून घेतलेलं "स ला ते, स ला ना ते" आठवतं का? मला वाटायचं हे जन्मात कुठं लागणार नाही. आपल्यात शब्द वाकतो, घर चं घराला होतं, त्यांच्यात शब्द बहुतेक तसाच राहतो आणि त्याच्या पुढचं डेर-डी-डास (इंग्रजीच्या द सारखे, पुल्लिंगाला डेर, स्त्रीलिंगाला डी, नपुंसकाला डास) वाकतं, डेर चं द्वितीयेत डेन, चतुर्थीत डेम. आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फोन, त्सू या सातांच्या मागं कायम चतुर्थी. हे सात शब्द मी कंपनीच्या बसमध्ये हरिपाठाच्या चालीवर पाठ केले, शेजारचे काका म्हणाले कोणत्या महाराजांचं आहे हे?

मराठी सगळीकडं तारत नाही, हेही सांगतो. लिंगं जुळत नाहीत, त्यांचा सूर्य ती आणि चंद्र तो, त्यामुळं शब्द लिहिताना डेर-डी-डास सकटच लिहायचा, नुसता शब्द लिहिला की पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागतं, मी दोनशे शब्द असे वाया घालवलेत. आणि साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी पाहिजे, आपण सवयीनं ते शेवटी ढकलतो. ही चूक माझी अजून होते.

आता क्लासचं. माझी मावसबहीण लातूरला नर्स आहे. नर्सला तिकडं पूर्ण मान्यता घ्यायची तर बहुतेक ठिकाणी बी-टू लागतं. तिनं एका क्लासला ४५ हजार एकरकमी भरले, तिथं दोन महिने मास्तरनं ए-वनच्या पुस्तकाची पानं वाचून दाखवली, तिसऱ्या महिन्यात शटर खाली आणि फोन बंद. माउशीनं गळ्यातलं मोडून दिलेले पैसे होते ते. सगळे क्लास असेच असतात असं मी म्हणत नाही, पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनची (गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेचं इथलं केंद्र) तर गोष्टच वेगळी, पण लातूरच्या पोरीनं नोकरी सोडून पुण्यात खोली घेऊन राहायचं का? नंतर आम्ही दोघांनी फोनवर सुरू केलं, रोज रात्री साडेनऊ ते दहा, तिची नाईट असली की सकाळी. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा कोर्स फुकट आहे, ए-वन ते बी-वन, त्यांच्याच हळू वाचलेल्या बातम्याही आहेत. गोएथे इन्स्टिट्यूटच्या साईटवर नमुना पेपर आणि शब्दांच्या याद्या फुकट मिळतात, ए-वनची साडेसहाशेच्या आसपास शब्दांची, बी-वनची चोवीसशेच्या आसपास. माझा खर्च झाला तो वह्यांचा, डेटा पॅकचा आणि परीक्षेच्या फीचा.

गोएथेची परीक्षा क्लास न लावता बाहेरून देता येते हे आमच्याकडं निम्म्या पोरांना माहीतच नाही, त्यांना वाटतं क्लासचं सर्टिफिकेट म्हणजेच परीक्षा. ए-वनला १०० पैकी ६० लागतात. बी-वनचे वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग वेगवेगळे देता येतात, प्रत्येकात ६०, राहिला तो भाग परत द्यायचा. मी बोलण्यात एकदा आपटलो.

कारण एकट्यानं शिकताना तिथंच कच्चं राहतं. ए-वनच्या तोंडी परीक्षेत नाव-गाव स्पेलिंगसकट सांगायला लावू शकतात. सरावात मी ताईला परभणीचं स्पेलिंग सांगितलं, पी, ए, आर असं इंग्रजी थाटात, आणि तिनं जर्मन कानानं लिहून घेतलं तर कागदावर पेरभेन झालं, शेवटचं आय तर तिनं लिहिलंच नाही. जर्मनमध्ये ए म्हटलं की ई हे अक्षर, आणि ई म्हटलं की आय. दुसरं माणूस समोर नसतं तर मी पुण्यात जाऊन परीक्षकांपुढं पेरभेनच सांगितलं असतं. म्हणून जोडीदार पाहिजेच, आणि लिहिलेलं तपासायला येणारं कुणीतरी पाहिजे, मोबाईल सगळ्या चुका पकडत नाही. महिन्यातून दोन तास कुणा जाणकाराला पैसे देऊन निबंध तपासून घ्या, ४५ हजार भरण्यापेक्षा ते परवडतं.

तुमच्याकडं मागणं दोनच. जाहिरात छापता तेव्हा शेजारी एक चौकट टाका, परीक्षा बाहेरून देता येते, नमुना पेपर फुकट असतात, एकरकमी फी भरू नका. आणि आपल्या जिल्ह्यांच्या ग्रंथालयांनी, आयटीआयच्या लायब्ररीनं ते नमुना पेपर आणि शब्दयाद्या प्रिंट काढून फाईलला लावाव्यात यावर एखादी बातमी करा. मी आमच्या आयटीआयला एक संच नेऊन दिला होता, दोन महिन्यांनी गेलो तर झेरॉक्स काढून काढून कोपरे गेलेले होते.

आपला,
एक वाचक, बजाजनगर, वाळूज

ता.क. : त्याच पुरवणीत तुम्ही व्होक्सवॅगन छापलंय. जर्मनमध्ये व्ही चा फ होतो आणि डब्ल्यू चा व. ते फोल्क्सवागन आहे.