गळके मायक्रोइलेक्ट्रोड आणि तुमच्या ग्राहक सेवेबद्दल तक्रार

मा. व्यवस्थापक,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी पाचव्यांदा बोलले. आता फोन करणार नाही, म्हणून हे लेखी.

तुमच्या पाच प्लॅटिनम मायक्रोइलेक्ट्रोडपैकी (काचेत बसवलेली बारीक तार, टोकाला फक्त तिची चकती उघडी) तीन गळके आहेत. चकतीचा व्यास २५ मायक्रॉन, चाचणीचं द्रावण १ मिलिमोलर फेरोसीनमिथेनॉलचं. व्होल्टेज वाढवत नेलं की प्रवाह साधारण ३.७ नॅनोअँपिअरला सपाट व्हायला हवा. या तिघांत तो चढतच राहतो, व्होल्टेज चढवताना आणि उतरवतानाचे वक्र एकमेकांवर बसत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली चकचकीत चकतीभोवती काळी कड दिसते. काच तारेला धरलेलीच नाही, फटीत द्रावण शिरतंय.

आजचं संभाषण जसंच्या तसं देते.

"पॉलिश करा."

"केलंय. ०.०५ मायक्रॉनच्या अॅल्युमिनावर."

"मग अजून करा."

मी समजावलं की फट तारेच्या कडेने वरपर्यंत गेली आहे. कितीही घासलं तरी खालून तीच फट निघणार. मला होल्डवर ठेवलं. परत आल्यावर म्हणाले, "मॅडम, प्लॅटिनमला गंज चढत नाही. मग तक्रार कसली?" मी पुन्हा सांगितलं: गंजतंय ते आम्ही तपासतोय ते स्टेनलेस स्टील. त्यात पडणाऱ्या बारीक खड्ड्यातून सुटणारे लोहाचे आयन हा इलेक्ट्रोड दहा-बारा मायक्रॉन वरून टिपतो.

"मग स्टीलवाल्यांना फोन केलात का?"

मी फोन ठेवला. पंधरा वर्षं हे काम करतेय, इतका अपमान कुणी केला नव्हता.

आणखी एक. पाकिटावर आरजी (काचेसकट टोकाचा व्यास चकतीच्या किती पट) ५ पेक्षा कमी छापलंय. मोजलं तर १० भरतं, म्हणजे टोकाचा एकूण व्यास २५० मायक्रॉन. इतकी जाड काच जराशी तिरकी झाली की चकती पोचायच्या आधी कडच नमुन्याला टेकते. असा एक नमुना ओरखडला. माझी विद्यार्थिनी रात्रभर त्यातल्या एका खड्ड्यावर लक्ष ठेवून बसली होती. ती रात्र तुम्ही कशी भरून देणार?

तुमच्या भरवशावर आम्ही हाताने इलेक्ट्रोड बनवणं सोडलं होतं. या आठवड्यात पुन्हा काचनळ्या आणि बर्नर बाहेर काढलाय. फार वाईट वाटतंय.

तीन नवे इलेक्ट्रोड पाठवा, प्रत्येकासोबत त्याचा स्वतःचा व्होल्टॅमोग्राम (व्होल्टेजनुसार प्रवाहाचा वक्र) आणि टोकाचा फोटो. तीन गळके आहेत, तीनच मागतेय. तोपर्यंत बिल थांबवलं आहे, आणि आमचे वक्र मागतील त्या प्रयोगशाळांना दाखवणार आहे. उत्तर द्यायला मात्र असा माणूस नेमा, ज्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने काचेत तार बसवली आहे.