व्हाउचर हातात आलं, पण प्रवेशाचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘अमेरिकेसारखी शाळेची व्हाउचरं महाराष्ट्रातही द्या’ अशी मागणी करणारं एका वाचकाचं पत्र अलीकडे आपल्या दैनिकात वाचलं. शाळांना अनुदान देण्यापेक्षा सरकारने पैसा पालकांच्या हाती द्यावा, मग पालक हवी ती शाळा निवडतील, असा त्याचा रोख होता. मी बरीच वर्षं अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात, फिनिक्सजवळच्या चँडलरला राहते. त्या पत्रात जिचे गोडवे गायले आहेत ती योजना इथल्या पालकांच्या रोजच्या बोलण्यात असते, म्हणून हे पत्र.

अॅरिझोनात व्हाउचरची ही सोय 2011 मध्ये आली, तीही फक्त विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी. 2018 मध्ये ती सगळ्यांना खुली करायचा प्रस्ताव मतदारांनी जवळपास दोनास एक मतांनी फेटाळला. तरीही 2022 मध्ये विधिमंडळाने कायदा करून ती प्रत्येक मुलासाठी खुली केलीच. राज्य एका मुलामागे सरकारी शाळेवर जेवढा खर्च करतं, त्याचे 90 टक्के त्या मुलाच्या नावाच्या खात्यात येतात. सर्वसाधारण मुलाला वर्षाकाठी सात-आठ हजार डॉलर मिळतात, बालवर्गाच्या मुलाला त्याच्या जेमतेम निम्मे. रक्कम दर तिमाहीला जमा होते. ती घरच्या बँक खात्यात येत नाही, ‘क्लासवॉलेट’ नावाच्या एका ऑनलाइन व्यवस्थेत राहते. शाळेची फी, शिकवणी, पुस्तकं, थेरपी यांची बिलं तिथूनच भागवायची. खिशातून खर्च केला असेल तर पावती चढवून परताव्याची वाट बघायची.

पेन्सिली-पुस्तकांची खरेदी कुठल्या अभ्यासक्रमात बसते तेही दाखवा, अशी अट पालकांना घातल्यावरून 2024 मध्ये इथे मोठं रण माजलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. पुढे शिक्षण खात्याने दोन हजार डॉलरपर्यंतच्या बिलांना आधी मंजुरी आणि नंतर तपासणी असा मार्ग काढला. त्यातून कोणकोणत्या खरेद्या बाहेर आल्या, ते स्थानिक बातम्यांमध्ये चवीने रंगवलं जातं. मला त्यात फारसा रस नाही. सरकारी पैशात हात मारणारे सगळीकडेच असतात.

मुद्दा वेगळा आहे. खातं उघडताना पालक राज्याशी करार करतात. मुलाला वाचन, व्याकरण, गणित, सामाजिक शास्त्रं आणि विज्ञान शिकवू, अशी हमी त्यात असते. मूल सरकारी शाळेत घालणार नाही, हेही लिहून द्यावं लागतं, आणि ‘सरकारी’मध्ये चार्टर शाळाही मोडतात. आपल्या लोकांची गल्लत होते ती इथेच. चँडलर-गिल्बर्ट भागातली भारतीय कुटुंबं ज्या शाळांच्या प्रतीक्षा यादीत नाव लावून बसलेली असतात, त्यातल्या बऱ्याच चार्टर शाळा आहेत. या शाळा 1994च्या कायद्याने सुरू झाल्या. चालवतात खासगी संस्था, पैसा सरकारचा आणि फी शून्य. त्याच कायद्यामुळे जागा असेल तर आपल्या हद्दीबाहेरच्या सरकारी शाळेतही फुकट प्रवेश मिळतो. म्हणजे ‘निवडीचं स्वातंत्र्य’ इथे व्हाउचरच्या किती तरी आधीपासून होतं, आणि बहुतेक मराठी घरं आजही तेच वापरतात. सुट्टीत पुण्याला आले की कुणी तरी हमखास विचारतं, ‘तुमची मुलं व्हाउचरवर शिकतात ना?’ नाही. माझी दोन्ही मुलं घराजवळच्या सरकारी शाळेत जातात.

मग व्हाउचर वापरतं कोण? 2022 मध्ये योजना सर्वांसाठी खुली झाली तेव्हा आलेल्या पहिल्या अर्जांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलं आधी राज्यातल्या सरकारी शाळेत नव्हतीच, असं खुद्द शिक्षण खात्याने सांगितलं होतं. ती आधीच खासगी शाळेत किंवा घरी शिकत होती. त्यांना शाळा बदलावी लागली नाही, फीचा भार तेवढा हलका झाला. ज्यांच्या नावाने ही योजना विकली गेली त्या कमी उत्पन्नाच्या घरांचं गणित असं : फिनिक्समधल्या नावाजलेल्या खासगी शाळेची फी वीस हजार डॉलरच्या पुढे, हातात सात-आठ हजार. वरचे पैसे कुठून आणायचे? सरकारी शाळेची पिवळी बस दाराशी येते, बहुतेक खासगी शाळांची येत नाही. आई-बाप दोघंही तासावर राबत असतील तर मुलाला सकाळी सोडायचं कुणी? आणि पैशाची जुळवाजुळव झाली तरी शाळा परीक्षा घेऊन, मुलाखत घेऊन, आधीचे निकाल बघून ‘जागा नाही’ म्हणू शकते. पालक शाळा निवडतात हे अर्धं खरं. शेवटचा शब्द शाळेचा.

सगळं वाईटच आहे असं मात्र नाही. आमच्या ओळखीतल्या एका मराठी घरातला मुलगा स्वमग्न आहे. अशा मुलांना या योजनेत इतरांपेक्षा कित्येक पट रक्कम मिळते. त्यातून त्याची वाचा-उपचार थेरपी आणि घरी येणाऱ्या शिक्षकांचा खर्च निघतो. त्याची आई बिलांची जाडजूड फाइल सांभाळून असते. थेरपिस्टची पात्रता, तारीख, किती वेळ शिकवलं, यातलं काही राहिलं की बिल परत येतं. तरी ती सांगते, शाळेत आठवड्यातून एकदा घाईघाईत मिळायचं त्यापेक्षा हे शतपटीने बरं. पण तिलाही एक किंमत मोजावी लागली. सरकारी शाळेला संघराज्याच्या कायद्यानुसार अशा प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र शिक्षण आराखडा करून तो पाळावाच लागतो, नाही पाळला तर पालक दाद मागू शकतात. व्हाउचर घेऊन बाहेर पडलं की हा हक्क मागे राहतो. खासगी शाळेने मधेच ‘आम्हाला जमत नाही’ म्हटलं तर विषय संपला.

आता आपल्याकडे बघा. शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव आहेत. सोडत निघते, नाव लागलं आणि कागदपत्रं बरोबर निघाली की शाळेला मूल घ्यावंच लागतं. फी सरकार देतं. माझ्या मते हे अमेरिकेच्या व्हाउचरपेक्षा सरस आहे, कारण यात पालकाच्या हाती पैसा नाही, थेट प्रवेश येतो. सरकारनेच हे मोडायचा प्रयत्न केला होता. 9 फेब्रुवारी 2024च्या अधिसूचनेने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या प्रवेशांतून सूट दिली. 19 जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली म्हणून बरं. दुखणं आहे ते प्रतिपूर्तीचं, म्हणजे या मुलांच्या फीपोटी सरकारने शाळांना द्यायच्या पैशांचं. एका मुलामागे 17,670 रुपये ठरलेले, तेही वेळेवर मिळत नाहीत म्हणून संस्थाचालक दरवर्षी ओरडतात. त्यांचा राग कुणावर निघतो, ते या मुलांच्या पालकांना विचारा.

आंध्र प्रदेशात व्हाउचरचा मोठा प्रयोग झाला होता. त्याचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठीत नाव निघून खासगी शाळेत गेलेली मुलं चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात सरकारी शाळेतल्या मुलांच्या पुढे नव्हती. हिंदीत होती, कारण तो विषय खासगी शाळाच जास्त शिकवत होत्या. खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च मात्र सरकारीच्या एक-तृतीयांशही नव्हता. व्हाउचरवाल्यांना खर्चाचा आकडा आवडेल, विरोधकांना निकाल. चर्चा करताना दोन्ही सांगावं, एवढंच.

तेव्हा महाराष्ट्रात व्हाउचर आणायचंच असेल तर शासन निर्णयात एक ओळ ठळक हवी : व्हाउचर घेणाऱ्या शाळेने मुलं सोडतीनेच घ्यावीत, मुलाखतीने नव्हे, आणि व्हाउचरच्या वर एक पैसा मागू नये. ही ओळ नसेल तर पैसा आधीच फी भरू शकणाऱ्यांकडे जाईल. आणि त्याआधी 25 टक्क्यांची थकबाकी तेवढी चुकती करा.

आपली,
एक वाचक, चँडलर, अॅरिझोना

ता. क. : इकडे बदलीवर येणाऱ्यांसाठी. इथल्या अनेक शाळा जुलैच्या उत्तरार्धातच सुरू होतात, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरच्या भरवशावर राहू नका. खासगी शाळेचं प्रवेशपत्र हाती येईपर्यंत व्हाउचरच्या करारावर सही करू नका आणि सरकारी शाळेतलं नाव काढू नका. टेक्सासला जाणाऱ्यांनी अॅरिझोनाचे नियम गृहीत धरू नयेत. तिथली योजना 2026-27 पासूनची, पहिल्या टप्प्याला 100 कोटी डॉलरची मर्यादा आहे, आणि अर्ज जास्त आले तर अपंगत्व असलेल्या व कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांचा नंबर आधी लागतो.